एकवीस अंकी संख्येची साक्ष

एखादी गोष्ट सिद्ध होणे निराळे आणि ती डोळ्यांपुढे आणून ठेवली जाणे निराळे. कोर्टकचेरीच्या आवारात ज्याची उमेदीची वर्षे गेली, त्याला हा भेद कोणी शिकवावा लागत नाही. तथापि या भेदाचे सर्वांत निर्मळ उदाहरण मला कायद्याच्या कोणत्याही ग्रंथात आढळले नाही. ते आढळले एका संख्येच्या इतिहासात. दोनाचा सदुसष्टावा घात घ्यावा आणि त्यातून एक वजा करावा, म्हणजे ती संख्या मिळते: १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. एकवीस अंकांची ही संख्या सुमारे अडीचशे वर्षे एका आरोपाखाली उभी होती, आणि त्यांतील शेवटची सत्तावीस वर्षे आरोप सिद्ध होऊनही मुद्देमाल मात्र कोणाच्या हाती लागला नव्हता.

आरोप कोणता, हे आधी सांगितले पाहिजे. जिला एक आणि ती स्वतः यांखेरीज कोणत्याही संख्येने निःशेष भाग जात नाही ती मूळ संख्या, आणि जिला जातो ती संयुक्त संख्या, हे आपण शाळेतच शिकलो. माराँ मर्सेन नावाच्या फ्रेंच धर्मोपदेशकाने १६४४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, दोनाचा अमुक घात वजा एक या घाटाच्या संख्यांपैकी, घातांक २५७ पर्यंत घेतला तर, फक्त २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ एवढ्याच घातांकांना मूळ संख्या मिळतात. हे त्याने कशावरून ठरविले ते सांगितले नाही. गंमत अशी की, पंधरावीस अंकी संख्या मूळ आहे की नाही हे तपासण्यास सारा काळही पुरणार नाही, असे तोच लिहितो; आणि त्याच लेखणीने अठ्ठ्याहत्तर अंकी संख्येलाही मूळपणाचा दाखला देऊन मोकळा होतो! प्रतिष्ठित माणसाचे विधान पुराव्यावाचून किती काळ चालते, हे पाहावयाचे असेल तर ही यादी पाहावी. ती संपूर्णपणे तपासून व्हावयास १९४७ साल उजाडले. तीत ६७ आणि २५७ चुकून आलेले, तर ६१, ८९ आणि १०७ राहून गेलेले आढळले. मर्सेनचे काही कैवारी म्हणतात की, ६१ च्या जागी ६७ हा नुसता हस्तदोष असावा. असेलही, पण त्या बचावाने ८९ आणि १०७ यांचे काय झाले ते कळत नाही.

मर्सेनच्या दाखल्याला पहिला खरा धक्का १८७६ साली बसला. एद्वार ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने सदुसष्टाव्या घाताची ही संख्या मूळ नाही, असे दाखवून दिले. दाखवून दिले म्हणजे काय केले? तिला कोणत्या संख्येने भाग जातो ते त्याने सांगितले नाही, कारण ते त्यालाही ठाऊक नव्हते. त्याच्या पद्धतीला पुढे लेहमर यांनी जे सोपे रूप दिले, ते कोणासही कागदावर करून पाहता येईल असे आहे. चारापासून आरंभ करावा. त्याचा वर्ग करावा, दोन वजा करावेत, तपासावयाच्या संख्येने भागावे, आणि बाकी तेवढी ठेवावी. त्या बाकीवर पुन्हा हीच क्रिया करावी, आणि घातांकापेक्षा दोनाने कमी इतक्या वेळा ती करून थांबावे. सातव्या घाताची संख्या १२७. तिच्यासाठी बाक्या येतात त्या अशा: ४, १४, ६७, ४२, १११ आणि शेवटी शून्य. शून्य आले की संख्या मूळ. अकराव्या घाताची संख्या २०४७. तिच्यासाठी ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२ आणि अखेरीस १७३६. शून्य आले नाही, म्हणून २०४७ ही मूळ संख्या नव्हे. ती २३ आणि ८९ यांचा गुणाकार आहे हे आपण पाहू शकतो. पण या १७३६ मध्ये तेवीस कोठे आहेत आणि एकोणनव्वद कोठे आहेत, ते शोधणाऱ्याने खुशाल शोधत बसावे. या रीतीने अपराध शाबीत होतो आणि अपराधाचा तपशील मिळत नाही.

मनुष्यांच्या न्यायातही असे प्रसंग येतात. प्रेत सापडले नाही तरी खुनाचा आरोप शाबीत होऊ शकतो, हे आपल्या न्यायालयांनी मान्य केलेले तत्त्व आहे. अन्यथा प्रेत नाहीसे करण्याची शक्ती ज्याच्यापाशी आहे त्याला निर्भयतेची सनदच मिळावयाची. परंतु या तत्त्वाचा उच्चार करताना न्यायाधीशाचा आवाज थोडा खाली येतो, आणि तो यावा असेच पूर्वी घडलेले आहे. इंग्लंडात ग्लॉस्टरशायर परगण्यातील कॅम्पडेन गावी १६६० साली विल्यम हॅरिसन नावाचा वृद्ध कारभारी वसुलीस म्हणून गेला तो परतलाच नाही. त्याची टोपी आणि रक्ताने माखलेला गळपट्टा रस्त्यावर मिळाला. जॉन पेरी नावाच्या नोकराने, आपल्या आईने आणि भावाने त्याला मारले, असे स्वतःहून सांगितले. प्रेताचा पत्ता लागला नाही. १६६१ साली आई आणि दोन्ही मुलगे फासावर गेले. १६६२ साली हॅरिसन जिवंत परत आला.

ल्यूकाच्या संख्येच्या बाबतीत असे परतून येणारे कोणीही नव्हते. दोन्ही ठिकाणी प्रत्यक्ष वस्तू पुढे नव्हती. मग एका ठिकाणी आपले मन निर्धास्त का राहते आणि दुसऱ्या ठिकाणी का शहारते? गणित हे शास्त्र आहे आणि न्याय ही कला आहे, असले उत्तर मला पटत नाही. ते प्रश्न टाळणारे उत्तर आहे. माझ्या मते कारण असे आहे. ल्यूकाच्या निष्कर्षाची प्रत्येक पायरी पुन्हा चढता येते. ज्याला शंका असेल त्याने चारापासून आरंभ करावा. तेथे कोणाच्या शपथेवर किंवा कबुलीवर विसंबावे लागत नाही. कॅम्पडेनची रात्र मात्र कोणालाही पुन्हा जगता येत नव्हती. तेथे जॉन पेरीचे तोंड ही एकच वाट होती, आणि त्या वाटेवरून मागे जाऊन पाहण्याची सोय नव्हती. १९८४ साली महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परिस्थितिजन्य पुराव्याच्या कसोट्या घालून दिल्या. आरोपीच्या अपराधाखेरीज दुसरी कोणतीही उपपत्ती शिल्लक राहता कामा नये, इतकी पुराव्याची साखळी पूर्ण असली पाहिजे, हा त्यांचा गाभा होय. ल्यूकाच्या सिद्धतेने हेच केले होते. संख्या मूळ असती तर शेवटी शून्य आलेच असते. ते आले नाही. तिसरा मार्ग नाही.

एक उणीव मात्र राहिली होती, आणि ती प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. तर्क निर्दोष असला तरी गणकाचा हात चुकू शकतो. वीसवीस अंकांचे साठाहून अधिक वर्ग आणि तितकेच भागाकार हातांनी करावयाचे, त्यांत एक हातचा विसरला की शून्य यावयाचे तेथे दुसरेच काही यावयाचे. म्हणून ल्यूकाचा निकाल मान्य करूनही विद्वानांच्या मनाला चुटपुट राहिली असेल, तर तो त्यांचा हट्ट होता असे मला वाटत नाही.

ती चुटपुट ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्क येथे संपली. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक फ्रँक नेल्सन कोल निबंध वाचावयास उभे राहिले. पुढची कथा अशी सांगतात की, ते काहीही न बोलता फळ्याकडे गेले, दोनाचा सदुसष्टावा घात काढून त्यातून एक वजा केला, फळ्याच्या मोकळ्या भागावर १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ या दोन संख्या मांडल्या, त्यांचा गुणाकार केला, दोन्ही उत्तरे जुळली, आणि ते मुकाट्याने जागेवर जाऊन बसले. सभेने टाळ्यांचा कडकडाट केला. हे अवयव शोधावयास किती काळ लागला, या प्रश्नाला त्यांनी, तीन वर्षांचे रविवार, असे उत्तर दिल्याचेही सांगतात. वकील म्हणून मला येथे हरकत घ्यावीशी वाटते. ही कथा एरिक टेंपल बेल यांनी आपल्या १९५१ च्या पुस्तकात सांगितली, तोवर त्या सभेला अठ्ठेचाळीस वर्षे झाली होती, आणि कोल १९२६ सालीच वारले होते. मृताची विधाने पुराव्यात घेण्याचे अपवाद कायद्याने मोजकेच ठेवले आहेत, आणि त्यांत रविवारांचा हिशेब बसत नाही. पण मौज पाहा: कथा खोटी ठरली तरी गुणाकार खरा राहतो. कोल यांचे रविवार ऐकीव आहेत. त्यांचे अवयव ऐकीव नाहीत.

हा गुणाकार वाचकांपैकी कोणालाही करून पाहता येईल. तेवढा वेळ नसेल तर आपल्याकडील जुने कारकून करीत तसा नवाचा ताळा तरी घ्यावा. पहिल्या अवयवाच्या अंकांची बेरीज ३७, म्हणजे १०, म्हणजे १. दुसऱ्याच्या अंकांची ६४, म्हणजे १०, म्हणजे १. एक गुणिले एक, एक. मूळ एकवीस अंकांची बेरीज १०९, म्हणजे १०, म्हणजे १. ताळा जमला. पण ताळ्याचा स्वभाव कारकुनाला पक्का माहीत असे: ताळा चुकला तर हिशेब निश्चित चुकला, ताळा जमला म्हणून हिशेब बरोबर असेलच असे नाही, कारण दोन अंकांची अदलाबदल झाली तर ताळ्याला त्याचा सुगावाही लागत नाही. दोष दाखविण्यात निर्णायक आणि निर्दोषत्व सांगण्यात दुबळी, अशी ही साक्ष आहे. तिचा विचार पुढे पुन्हा करावयाचा आहे.

कोल यांनी ल्यूकाच्या निष्कर्षात नवीन काय घातले? निष्कर्ष तोच राहिला; संख्या संयुक्तच होती. बदलले ते एवढेच की, आता तिचे संयुक्त असणे तपासण्यास ल्यूकाचा सिद्धांत समजण्याची गरज उरली नाही. चौथीतल्या मुलालाही पाटी दिली तर तो तपासू शकतो. ज्याला निकाल मानावयाचा आहे त्याच्या आवाक्यात निकालाचे कारण आणून ठेवणे, ही गोष्ट मला निकाल बरोबर असण्याच्या खालोखाल महत्त्वाची वाटते. माझा एक अशील एका वहिवाटीच्या दाव्यात हरला. निकाल माझ्या मते बरोबर होता, आणि तो त्याने पाळलाही. परंतु निकालपत्राची नक्कल तीन वेळा वाचून घेतल्यावर तो म्हणाला, “वकीलसाहेब, मी हरलो हे कळले. का हरलो ते मात्र न्यायाधीशांना ठाऊक.” मी त्याला कलमे समजावून सांगितली. त्याने मान डोलावली, ती माझा मान राखण्यासाठी. विश्वास ठेवण्यास ल्यूकाची सिद्धता पुरेशी आहे, असे मी म्हणेन. दुसऱ्याने त्यापुढे मान तुकवावी असा आग्रह धरावयाचा, आणि त्यात त्याचे घर, जमीन किंवा मान पणाला लागलेली असावयाची, तेथे आपण कोल यांच्या फळ्याकडे जाण्याचा निदान यत्न तरी करावयास बांधलेले आहोत.

आता साक्षीदारांकडे वळू. हा शब्द मी व्यवसायाच्या सवयीने घातलेला नाही. आधुनिक अंकगणितात तो पारिभाषिक शब्द आहे, आणि त्याच्या जोडीला ‘लबाड’ हाही आहे. फर्मा या फ्रेंच न्यायाधिकाऱ्याने—होय, तो आमच्याच व्यवसायातला—असा नियम सांगितला की, संख्या मूळ असेल तर तिच्याहून लहान असलेल्या कोणत्याही संख्येचा, मूळ संख्येपेक्षा एकाने कमी इतका घात घेऊन तिने भागल्यास बाकी एकच उरते. ९१ घ्या. दोनाचा नव्वदावा घात ९१ ने भागला तर बाकी ६४ उरते. तेव्हा ९१ मूळ नाही, अशी दोनाची साक्ष झाली, आणि ती अकाट्य आहे. परंतु तिनाचा नव्वदावा घात भागला तर बाकी १ उरते! तीन हा साक्षीदार लबाड निघाला. ९१ म्हणजे ७ गुणिले १३ असूनही त्याने तिला सोडून दिले. नवाच्या ताळ्याचाच हा स्वभाव. याहून कठीण प्रकरण ५६१ चे. ती ३, ११ आणि १७ यांचा गुणाकार आहे. पण तिच्याशी ज्याचा सामाईक अवयव नाही असा प्रत्येक साक्षीदार या परीक्षेत लबाडच निघतो. अशा वेळी मिलर यांनी १९७६ साली आणि राबिन यांनी १९८० साली बसविलेली उलटतपासणी उपयोगी पडते. अखेरचे उत्तर काय आले, यावर न थांबता साक्षीदार त्या उत्तरापर्यंत कोणत्या वाटेने आला, हे ती विचारते. दोनाचा पस्तिसावा घात ५६१ ने भागून बाकी २६३, तिचा वर्ग करून बाकी १६६, पुन्हा ६७, पुन्हा १. म्हणजे ६७ चा वर्ग केल्यावर एक उरला. संख्या मूळ असती तर वर्ग करून एक उरणारी बाकी एक किंवा तिच्याहून एकाने कमी, म्हणजे ५६०, यांखेरीज तिसरी असूच शकत नव्हती. साक्षीदार सापडला! चांगल्या उलटतपासणीचा मर्म यापेक्षा नेमका कोणी सांगितला असल्यास मला माहीत नाही.

राबिन यांनी असेही सिद्ध केले की, संयुक्त संख्येच्या बाबतीत या उलटतपासणीत निदान तीन चतुर्थांश साक्षीदार खरे बोलतात. चिठ्ठ्या टाकून वीस निवडले, तर विसांच्या वीस लबाड निघण्याची शक्यता एक लाख कोटींत एकाहूनही कमी. कोणत्या न्यायाधीशाला आयुष्यात इतकी खात्री लाभली असेल? १८७२ च्या पुरावा कायद्याने, आणि त्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून आलेल्या नव्या अधिनियमानेही, शहाण्या माणसाने जिच्यावर विसंबून वागावे इतकी संभाव्यता हीच सिद्धीची व्याख्या ठेवली आहे. त्या मापाने वीस साक्षीदार म्हणजे चैनच झाली.

तरीही येथे एक घसरण आहे आणि तिने माणसांचे संसार बुडविले आहेत. संयुक्त संख्या वीस साक्षीदारांतून निसटण्याची शक्यता एक, आणि निसटलेली संख्या संयुक्त असण्याची शक्यता दुसरी. दोन वाक्ये कानाला सारखी लागतात. अर्थाने ती सारखी नाहीत. इंग्लंडात १९९९ साली एका मातेला—ती स्वतः वकील होती—आपल्या दोन तान्ह्या मुलांच्या खुनाबद्दल जन्मठेप झाली. एकाच घरात दोन मुले नैसर्गिक कारणाने अकस्मात दगावण्याची शक्यता सात कोटी तीस लाखांत एक, असे एका तज्ज्ञाने सांगितले होते. तो आकडाच सदोष होता. शिवाय ऐकणाऱ्याच्या मनात तो ‘ही स्त्री निर्दोष असण्याची शक्यता’ असा शिरला. एकाच आईची दोन मुले खुनाने जाणे हेही तितकेच दुर्मिळ, हे तराजूच्या दुसऱ्या पारड्यात कोणी घातले नाही. लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१ साली त्या आकड्याविरुद्ध जाहीर निवेदन काढले. वैद्यकीय चाचणीचा एक अहवाल बचावापासून दडून राहिला होता, तो पुढे आला आणि २००३ साली शिक्षा रद्द झाली. चार वर्षांनी ती स्त्री वारली.

वीस साक्षीदारांतून पार पडलेली संख्या ‘बहुधा मूळ’ आहे, असे म्हणण्याची गणितज्ञांत रूढी आहे. हा शब्दप्रयोग मला नेहमी खटकतो. संख्या बहुधा काहीच नसते; ती मूळ तरी असते किंवा संयुक्त तरी. ‘बहुधा’ हे विशेषण आपल्या अज्ञानाचे आहे आणि आपण ते तिच्या गळ्यात बांधतो. पिंजऱ्यात उभा असलेला मनुष्यही नव्वद टक्के अपराधी नसतो. त्याने ते केले तरी आहे किंवा केले तरी नाही, आणि कोणते ते त्याला पक्के ठाऊक आहे. टक्के आपल्या बाजूला आहेत. संख्येचे बरे, तिला चुकीच्या निकालाची झळ लागत नाही.

कानपूरच्या आय. आय. टी. मधील मणींद्र अगरवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ साली या चिठ्ठ्यांची तत्त्वतः आवश्यकताच संपविली. कोणत्याही गृहीतकावर न विसंबता, नशिबाचा अंश न ठेवता, संख्या मूळ आहे की संयुक्त हे वाजवी वेळात ठरविणारी रीत त्यांनी दिली. शतकांचा प्रश्न सुटला. आणि व्यवहाराने काय केले? व्यवहार अजूनही बहुतांशी राबिन यांच्या उलटतपासणीनेच चालतो, कारण ती अधिक वेगवान आहे. खात्री दारात येऊन उभी असता मनुष्य वेगाच्या लोभाने संभाव्यता पत्करतो, हे पाहून मला हसूही आले नाही आणि रागही आला नाही. आम्ही तडजोडीचे अर्ज रोज याच कारणासाठी दाखल करतो.

शिवाय ज्यांना अवयवांच्या न सापडण्यातच हित आहे असेही लोक आहेत. बँकांचे आणि टपालाचे कितीतरी गुप्त व्यवहार अशा मोठ्या संख्यांवर चालतात की ज्या संयुक्त आहेत हे उघड असते आणि ज्यांचे अवयव फक्त त्या बनविणाऱ्याला ठाऊक असतात. १९७७ साली अशी एक १२९ अंकी संख्या आव्हान म्हणून प्रसिद्ध झाली, शंभर डॉलरांच्या बक्षिसासह. ती फोडावयास कोट्यवधी वर्षे लागतील असा त्या वेळचा अंदाज होता. ती १९९४ साली फुटली. नव्या संख्या अधिक लांब केल्या गेल्या आहेत. पण अवयव शोधणे खरोखरच अवघड आहे, हे मात्र आजवर कोणीही सिद्ध केलेले नाही. ते एक गृहीत आहे, खंडन होईपर्यंत चालणारे.

मर्सेनचा समकालीन तो फर्मा, त्याच्याही नावाने एक यादी आहे: दोनाचा असा घात घ्यावयाचा की घातांक स्वतःच दोनाचा घात असेल, आणि त्यात एक मिळवावयाचा. त्या यादीतील विसाव्या क्रमांकाची संख्या ३,१५,६५३ अंकांची आहे. लिहून काढली तर एक जाडजूड ग्रंथ होईल. यंग आणि ब्यूएल यांनी ती संयुक्त असल्याचे १९८८ साली संगणकाने दाखवून दिले. तिचा एकही अवयव अद्याप कोणाला सापडलेला नाही.